वगळलेले प्रश्न : निरंक

हे मी चार वर्षं कुणालाही सांगितलेलं नव्हतं. बायकोला नाही, कचेरीत वीस वर्षं शेजारच्या टेबलावर बसलेल्या मित्रालाही नाही. चार वर्षांपूर्वी रत्नागिरीत एका बाईंनी मला एक प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर मला आठवड्याभरात कळलं. त्यांचा फोन नंबर माझ्या वहीत होता. मी फोन केला नाही. पुढे त्यांच्या नवऱ्याचं अर्धं पाऊल कापावं लागलं.

सांगायला बसलोच आहे तर रीतसर सांगतो. मी पुण्यातल्या एका संस्थेत काम करतो. आजारांवरच्या संशोधनाला आम्ही निधी देतो, पण आमची अट असते: काय शोधायचं ते डॉक्टरांनी ठरवायचं नाही, रुग्णांनी ठरवायचं. ज्याचं दुखतं त्याला विचारायचं, बाबा रे, तुला काय कळायला हवंय? त्या प्रश्नांना पैसा द्यायचा. आणि मग त्या पैशाचं पुढे काय झालं, कुणाच्या रोजच्या जगण्यात काही फरक पडला का, ते पाहायचं. हे शेवटचं काम माझं. त्याला पाठपुरावा म्हणतात. बराचसा पाठपुरावा मी पंख्याखाली बसूनच करतो.

रत्नागिरीचा प्रकल्प मधुमेहाचा. पहिली सभा मांडवीतल्या एका शाळेत झाली, तिला मी हजर होतो. सकाळी उतरलो, संध्याकाळी परतलो, शेजारी समुद्र असून पाहिला नाही. सभेत मागच्या बाकावरून एक बाई उठल्या. सुमन त्यांचं नाव. म्हणाल्या, "आमचे हे तांडेल हायत, बोटीचे म्होरके. बोटीवर आठ-आठ दिस असतात. घरात फ्रिज हाय, पन बोटीत इन्सुलिन ठेवायचं कुठं?" एकदम कल्ला झाला. प्रत्येक घरातून कुणीतरी समुद्रावर होतं, आणि प्रत्येकाला हेच विचारायचं होतं. मी लिहून घेतलं.

पुण्यात तज्ज्ञांच्या समितीपुढे दहाच प्रश्न न्यायचे होते. माझ्या यादीत अकरा झाले. इन्सुलिनचा हा प्रश्न मला बारका वाटला. चहाच्या वेळी समितीतल्या एका डॉक्टरांना सहज विचारलं, तर ते बिस्किट बुडवता बुडवता म्हणाले, "कुठेही ठेवा, बर्फात नको. एकदा गोठलं की ते इन्सुलिन फुकट." मी मान डोलावली आणि जागेवर येऊन प्रश्न खोडला. आमच्या तक्त्यात 'वगळलेले प्रश्न' असा एक रकाना असतो. तिथे कारण लिहावं लागतं, आणि ते लिहिलं की समिती खुलासे मागते. मी कंटाळलो होतो. मी 'निरंक' लिहिलं. संध्याकाळी त्या बाईंना फोन करून सांगू, असं मनाशी म्हटलं. ती संध्याकाळ गेली, मग दुसरी गेली, मग मी विसरलो.

वर्षाभराने रत्नागिरीहून आलेल्या माहितीत दोन ओळी होत्या. दत्ताराम तांडेल, सुमन यांचे पती, पायाची शस्त्रक्रिया, बोटीवरून कायमचे उतरले. इन्सुलिन माशांच्या बर्फात ठेवत होते. बाटलीच्या खोक्यावर लिहिलेलं असतं, थंड जागी ठेवा. जन्मभर बर्फात मासा टिकवलेला माणूस औषध आणखी कुठे ठेवील?

यंदा प्रकल्प संपला. परिणाम काय झाला हे पाहून शेवटचा अहवाल लिहायचा होता. कचेरीतले म्हणाले, फोनवर भागेल की. मी म्हटलं, नाही, या वेळी जातो.

मांडवी

फेब्रुवारीतली दुपार होती. उतरलो तेव्हा सगळं गाव डोळे अर्धे मिटून पडल्यासारखं वाटलं. आंब्याला मोहोर आलेला. त्याचा वास हवेत तरंगत नाही, बसून राहतो. त्यातून चालताना आपण कुणाच्या तरी झोपेतून चाललोय असं वाटतं. मांडवीची वाळू काळी आहे. ओहोटीत ती ओली चकाकत होती, आणि तिच्यावर आभाळ इतकं स्वच्छ उतरलं होतं की पाय टाकायला मी थबकलो.

प्रकल्पाच्या स्थानिक कार्यकर्त्या नूतन मला घ्यायला स्कूटरवर आल्या. चार वर्षं फोनवर बोललेलो, भेट पहिलीच.

"तुम्हीच पुण्याचे साहेब? आवाजावरून बारीक वाटलेलात."

"आवाज बारीक आहे माझा."

"असूं दे. स्कूटर जाड आहे. बसा."

त्यांच्यामागे बसून गल्ल्या हिंडलो. पुण्यात आमच्याकडे लोक साखरेचा आकडा बंद पाकिटात ठेवतात, सख्ख्या भावालाही सांगत नाहीत. इथे तो कुंपणावरून ओरडून सांगतात. एक आजी सुपातून तांदूळ पाखडत होत्या. नूतनताईंनी स्कूटर न थांबवताच विचारलं, "काकी, किती?" आजींनी तसाच आकडा ओरडून सांगितला. पलीकडच्या घरातून कुणीतरी हसलं, "काल बारशाला जेवून आलीय ती!" "तुज्या बापाचं खाल्लं काय मी?" आजी म्हणाल्या आणि पाखडत राहिल्या.

आमच्या दहा प्रश्नांतून काही चांगलंही झालं होतं, ते सांगायला हवं. होड्या किनाऱ्याला लागल्यावर दवाखाना उघडा असावा, असा एक प्रश्न होता. आता तो तसा उघडतो. भात सोडा म्हणून दटावण्याऐवजी भात किती, हे वाटीने मोजून दाखवतात. मी सगळं टिपून घेतलं. वहीतल्या त्या पानांकडे पाहताना मला बरं वाटायला हवं होतं.

"उद्या भाट्याला जाऊ," नूतनताई म्हणाल्या. "सुमनकाकींकडे. त्यांच्याकडचं तुम्हाला दाखवायचंच आहे. पण ते कुठल्या रकान्यात घालायचं ते मला कळत नाय."

भाट्ये

खाडीवर सकाळी धुकं होतं. पुलाचा अर्धा भाग होता, अर्धा नव्हता. धुक्याच्या आतून एक होडी आली. तिच्या वल्ह्याचा आवाज आधी आला, मग होडी, मग होडीतला माणूस, आणि तो आमच्याकडे पाहून हसला, जणू ठरवूनच आला होता. पलीकडे सुरूची झाडं, आणि पुढे नारळांची ती संशोधनाची बाग, जिथे झाडांच्या खोडांवर नंबर रंगवलेले आहेत. मी उगाच चारपाच नंबर वाचले. प्रत्येक झाडाची कुठेतरी नोंद आहे, त्याला काय झालं, किती नारळ आले, पान कधी पिवळं पडलं. मी नूतनताईंना म्हटलं, "चला पुढे."

सुमनताईंचं घर कौलारू, अंगण सारवलेलं. दत्ताराम तांडेल ओट्यावर बसून जाळं विणत होते. मी तीन वर्षं त्यांचं नाव रकान्यात पाहिलं होतं. माणूस एवढा मोठा असेल असं वाटलं नव्हतं. खांदे दारात मावणार नाहीत असे. उजव्या पायात खास शिवून घेतलेला बूट.

"या साहेब! ह्यो पाय बघायला आलात ना?" त्यांनी बूट उचलून दाखवला. "अर्धा हितं, अर्धा कोल्हापुरात ठेवून आलो. दोन जिल्ह्यांचा मानूस मी."

"गप बसा," आतून सुमनताईंचा आवाज आला. "पावना आला की पाय काढून दाखवतात. पेज घ्याल ना साहेब?"

पेज म्हणजे उकड्या तांदळाचं पातळ, गरम पाणी, भाताच्या शितांसकट. वर मीठ, बाजूला भाजलेला सुका बांगडा. पुण्यात आजाऱ्याला देतात तसलं काही असेल या समजुतीने मी वाटी उचलली, आणि तिसऱ्या घोटाला आणखी मागितली. सुमनताई वाटीने मोजूनच वाढत होत्या. "तुमाला साखर नाय ना? मग तुमाला मोजत नाय," म्हणून त्यांनी माझी वाटी काठोकाठ भरली. मला त्यांनी ओळखलं नव्हतं. शाळेतल्या त्या सभेतला एक पांढरा शर्ट, एवढंच मी असणार.

मग त्यांनी मला आत नेलं. भिंतीवर तीन वर्षांची कॅलेंडरं एकावर एक टांगलेली. प्रत्येक तारखेच्या चौकटीत दोन आकडे: एक निळा, एक लाल. निळा तांडेलांच्या साखरेचा. लाल मडक्याचा.

"कुठलं मडकं?"

कोपऱ्यात मडक्यात मडकं होतं, मधल्या फटीत ओली वाळू, वर ओलं फडकं. आतल्या मडक्यात इन्सुलिनची बाटली आणि एक बारीक तापमापक.

"ह्यांचा पाय गेला तेवा डॉक्टर म्हनाले, बर्फात गोठलं औषध, म्हनून लागू पडलं नाय," सुमनताई म्हणाल्या. "मी म्हटलं, मग थंड पन पायजे आनि गोठायला पन नको, असं काय हाय आपल्याकडं? तर माठ. माठातलं पानी कधी गोठलेलं बघितलात?"

"नाही."

"तेच. घरात फ्रिज हाय, पन बोटीसाठी म्हनून हितं करून बघितलं. नूतनकडनं तापमापक घेतला. उन्हात ठेवून बघितलं, सावलीत ठेवून बघितलं. वाळू खाडीची घेतली, मग समुद्राची. खाडीची बरी, जास्त वेळ ओली ऱ्हाते. सगलं लिवलंय. दवाखान्यातल्या डॉक्टरांना नेऊन दाखवलं. ते म्हनाले, फ्रिज नाय हा, पन चालू बाटलीला पुरतं."

मी कॅलेंडरासमोर उभा राहिलो. खिडकीतून आलेल्या उन्हात ते लाल आकडे हलल्यासारखे वाटत होते. आमच्या संस्थेने चार वर्षं ज्याला पैसे दिले ते हेच होतं: रुग्णाने प्रश्न विचारायचा आणि उत्तर शोधायचं. फक्त आमच्या पैशाशिवाय झालं होतं, आणि एका पावलानंतर झालं होतं.

बाहेर आल्यावर नूतनताई हळूच म्हणाल्या, "साहेब, काकींनी हा प्रश्न पहिल्याच सभेला विचारलेला. मी त्या सभेनंतर कामाला लागले, पण काकी सांगतात. मग तो दहांत कसा नाय आला?"

मी म्हटलं, "होतं असं कधी कधी."

बंदर

दुपारनंतर दत्ताराम तांडेल आम्हाला बंदरावर घेऊन गेले. चालताना किंचित झुकतात, पण बोटी दिसू लागल्या तसे सरळ झाले. बंदराचा वास, बर्फ फोडल्याचा आवाज, बायकांच्या पाट्या, डिझेल, वर घारी. माझ्या पुणेरी चपला पहिल्याच मिनिटाला माशांच्या पाण्यात गेल्या आणि नंतर तीन दिवस मांजरं माझ्यामागे येत होती.

धक्क्याला बांधलेल्या एका बोटीवर आम्ही चढलो. बोट जागची हलत नव्हती, असं इतरांचं म्हणणं. माझ्या पोटाचं मत वेगळं होतं. मी कठड्याला धरून, समोरच्या चमचमत्या पाण्याकडे पाहत राहिलो, आणि मग सकाळची सगळी पेज समुद्राला दिली.

"पुन्याच्या साहेबाला उभी बोट लागली रे!" एक मिशीवाला खलाशी ओरडला.

"हसू नका मेल्यांनो," तांडेल म्हणाले. "लिंबू द्या कुणीतरी."

मी लिंबू चोखत एका दोरखंडावर बसलो, आणि आजूबाजूच्या तीन बोटींवरचे खलाशी भोवती जमले. तांडेलांनी कॅबिनच्या छताला एक मडकं टांगलं. बाहेरून जाळीचं शिंकाळं, त्यांच्या हातचं विणलेलं. मडकं डुलत होतं, पण कुठे आपटत नव्हतं. मग ते बोलू लागले.

"बांगडा ताजा कशात ऱ्हातो?"

"बर्फात," दोघेतिघे म्हणाले.

"मी पन तेच म्हटलं. औषध बांगड्यापेक्षा म्हाग, तर त्याला बांगड्यापेक्षा दुप्पट बर्फ! खाली बर्फ, वर बर्फ, मदी बाटली, झोपवली बायको झोपवल्यासारखी. रोज टोचतोय आनि रोज साखर वर. मला वाटायचं, सुई खोटी. अक्कल गोठलेली माजी!"

सगळे खो खो हसले. तेही हसले.

"तांडेल, मडकं फुटलं तर?" मिशीवाल्याने विचारलं.

"तुजं डोकं फुटंल, मडकं नाय. जाळं माज्या हातचं हाय."

नूतनताई माझ्या कानाशी म्हणाल्या, "आत्तापर्यंत बऱ्याच बोटींवर गेलंय हे. आपली फजिती सांगतात, लोक हसतात, आणि मडकं नेतात. मी कितीदा पत्रकं वाटली, कुणी वाचली नाय."

सूर्य खाली आला होता. मडक्याच्या ओल्या अंगावर ऊन पडून ते आतून पेटल्यासारखं दिसत होतं. माणसं हसत होती, आणि त्यांच्या मधोमध तो मोठा माणूस स्वतःला मूर्ख ठरवत होता, खुशीत, माझ्यासमोर. एक वाक्य पुरलं असतं. माझ्या तोंडात लिंबू होतं.

गणपतीपुळे

तिसऱ्या दिवशी सकाळी मी पळालो, असंच म्हणायला हवं. संध्याकाळची गाडी होती. नूतनताईंना सांगितलं, देवदर्शन करून येतो.

किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारा रस्ता सुंदर आहे. मी त्यातलं फार काही पाहिलं नाही. एका वळणावर सुरंगीचे गजरे विकणारी बाई होती, तो वास मात्र बरोबर आला. पुळ्याला देवळामागची टेकडी हाच देव मानतात, म्हणून प्रदक्षिणा टेकडीभोवती घालायची. अनवाणी निघालो. एका बाजूला समुद्र, एका बाजूला झाडं, पायाखाली फरशी कधी थंड, कधी तापलेली. पुढे मुंबईहून आलेलं एक कुटुंब होतं; त्यातले म्हातारे गृहस्थ दर वळणाला थांबून विचारत, "संपली?" आणि त्यांची सून म्हणे, "आत्ता तर सुरू झाली, बाबा." मला वाटत होतं ती संपू नये. चालत राहिलो तर कुणाला काही सांगावं लागणार नाही.

देवासमोर उभं राहून हात जोडले. काही मागितलं नाही. जे सांगायचं ते इथे सांगून भागणार नव्हतं, एवढं कळलं. बाहेर येऊन उकडीचा एक मोदक खाल्ला, गरम होता, बोटं भाजली. आणि भाट्याची गाडी धरली.

पुन्हा भाट्ये

दुपारची वेळ. सुमनताई एकट्या होत्या, ओट्यावर सुकट निवडत बसल्या होत्या. तांडेल बंदरावर गेले होते. मी पायरीवर बसलो. मी कोण, त्या सभेत कुठे बसलो होतो, त्यांचा प्रश्न कसा लिहून घेतला, आणि पुढे काय केलं, सगळं सांगितलं. चहाच्या वेळचे ते डॉक्टर, ते बिस्किट, तो रकाना. मध्ये थांबलो नाही. थांबलो असतो तर उठून गेलो असतो.

त्या निवडत राहिल्या. सुकटीतला कचरा एका बाजूला, सुकट एका बाजूला.

"कधी कळलं म्हनालात तुमाला?"

"त्याच आठवड्यात."

"आनि नंबर होता?"

"होता."

"मी फोन उचलला असता," त्या म्हणाल्या. "अनोळखी नंबर पन मी उचलते. हे समुद्रावर असले की सगलेच उचलते."

त्यांनी सुकटीची आणखी एक मूठ सुपात घेतली. सुरूच्या झाडांतून वारा येत होता, समुद्रासारखाच आवाज करत, कुठला कुठला ते कळेना. मला वाटलं त्या ओरडतील. मला ते हवं होतं.

"लोकं हसतात तेवा हे पन हसतात," त्या शेवटी म्हणाल्या. "घरात मला म्हनतात, सुमे, मीच माजा पाय खाल्ला. तीन वर्सं ऐकतेय मी. काय सांगू त्यांना? मला तर कुठं म्हाईत होतं काय."

"मी सांगतो त्यांना. येईपर्यंत थांबतो."

"आज नाय." त्यांनी सूप खाली ठेवलं. "आज नवी बोट उतरतेय. मालकानं मान्साला पाठवून बोलावून नेलंय त्यांना, तांडेल म्हनून. तीन वर्सांत पयल्यांदा. आज त्यांचं वाईट करू नका."

"मग कधी?"

"तुमचं तुमी ठरवा. मी सांगनार नाय, ते तुमचं काम. फोनवर नको." त्या उठल्या, आत गेल्या. आतूनच म्हणाल्या, "गाडी चुकंल तुमची."

मी उठलो. अंगण ओलांडताना पाहिलं, कुंपणावर जाळीची चार नवी शिंकाळी वाळत घातली होती, रिकामी, वाऱ्याने फुगलेली.

पुण्यात आल्यावर चार वर्षांपूर्वीच्या त्या तक्त्याला दुरुस्ती जोडली. वगळलेले प्रश्न: एक. कुणी विचारला, कुणी खोडला, का, आणि पुढे काय झालं, ते लिहिलं. शेवटच्या अहवालात परिणामांच्या रकान्यात मडक्याचं लिहिलं, सुमनताईंच्या नावाने, आणि त्यात आमच्या निधीचा वाटा नाही असंही लिहिलं. नूतनताईंना फोन करून सांगितलं. त्या ऐकून घेऊन "बरं" म्हणाल्या. त्यानंतर त्या मला साहेब म्हणत नाहीत, काहीच म्हणत नाहीत, नुसती कामाची माहिती देतात. वरिष्ठांनी लेखी खुलासा मागितला. तो दिला. नोकरीचं जे व्हायचं ते होईल.

दत्ताराम तांडेलांना मी अजून काहीही सांगितलेलं नाही. पाऊल गेलं ते त्यांच्या अकलेमुळे नाही. बर्फात ठेवू नये हे मला आधी माहीत होतं आणि मी कळवलं नाही. भाट्याला जाऊन, त्यांच्यासमोर बसून, हे माझ्या तोंडाने सांगणं मी त्यांना देणं लागतो, आणि हे लिखाण दुसऱ्या कुणाकडून त्यांच्या कानावर जायच्या आत मला ते केलं पाहिजे.